ओळ, पडदा आणि कर्सर : देवनागरी संहितेच्या संदर्भात

'ओळ' हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, ती सहजता संगणकावरील लेखनात टिकत नाही. पोथीत किंवा छापील गद्यात ओळ कागदाच्या रुंदीने ठरते. संगणकाच्या संपादन-प्रणालीत मात्र लेखकाने ओळ-समाप्तीची कळ दाबेपर्यंत ओळ संपत नाही. त्यामुळे दोनशे शब्दांचा परिच्छेद ही एकच ओळ असू शकते. पहिलीला दृश्य ओळ आणि दुसरीला संहितेची ओळ म्हणता येईल. या दोहोंतील भेद हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या भेदामागे यंत्रांचा इतिहास आहे. आय.बी.एम.ने १९२८ साली ८० स्तंभांचे छिद्रपत्र प्रचारात आणले आणि पुढे अनेक पडद्यांची रुंदीही ८० अक्षरांची राहिली. १९६९ मध्ये केन टॉम्प्सन यांनी रचलेल्या 'एड' या प्रणालीत कर्सर नव्हताच. ओळीचा क्रमांक सांगून आज्ञा द्यावी लागे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये आरंभलेल्या 'व्हीआय'ने संहिता पडद्यावर मांडली आणि तीत हिंडणारा कर्सर लेखकाच्या हाती दिला. तेव्हापासून लांब ओळीचे काय करावे, हा प्रश्न अटळ झाला.

त्याची दोन उत्तरे आहेत. ओळ उजवीकडे तशीच वाहू द्यावी आणि पडदा आडवा सरकवावा, हे पहिले. यात रचना अभंग राहते, परंतु वाचकाला वाक्याचा शेवट शोधत जावे लागते. पडद्याच्या कडेशी ओळ दुमडून खाली आणावी, हे दुसरे. यात सर्व मजकूर दिसतो. पण ही दुमड केवळ दर्शनापुरती असते, संहितेत तिची खूण नसते.

कर्सराची अडचण येथूनच सुरू होते. 'खाली' जाण्याची कळ दाबली असता कोणती ओळ ओलांडायची? 'व्हीआय'मध्ये 'जे' ही कळ संहितेची ओळ ओलांडते. दुमडलेला परिच्छेद एका झेपेत मागे पडतो. 'ईमॅक्स'ने २००९ च्या २३व्या आवृत्तीपासून दृश्य ओळीने उतरण्याची रीत स्वीकारली. शिवाय दुमडीच्या ठिकाणी संहितेतील एकाच स्थानाला पडद्यावर दोन जागा संभवतात : वरच्या ओळीचा शेवट आणि खालच्या ओळीचा आरंभ. कर्सर कोठे दाखवावा, हे प्रणालीलाच ठरवावे लागते.

देवनागरीत हा प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. युनिकोडमध्ये ती क, हलन्तचिन्ह, ष आणि ऱ्हस्व इकार अशी चार चिन्हे होत. इकार उच्चारात आणि साठवणीत शेवटी येतो, पडद्यावर मात्र आधी दिसतो. म्हणून बाणाची कळ बहुधा अक्षर अखंड ओलांडते, तर मागे खोडणारी कळ बहुतेक ठिकाणी एकेक चिन्ह काढते. ही विसंगती वाटली तरी तिच्यात सोय आहे : वेलांटी चुकली तर संपूर्ण जोडाक्षर पुन्हा लिहावे लागत नाही. देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभाजन-प्रमाणात २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. परंतु समान रुंदीचे स्तंभ मोजणाऱ्या पडद्यावर प्रणालीचा हिशेब आणि प्रत्यक्ष उमटलेली रुंदी यांत अंतर पडले, तर कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि खोडले जाते दुसरेच.

भाषेच्या अभ्यासकाने हा तांत्रिक तपशील म्हणून दुर्लक्षू नये. ओवीच्या चरणाचा शेवट कवीचा असतो. दुमड पडद्याची असते. दुमडीलाच ओळ समजून तेथे ओळ-समाप्तीचे चिन्ह घातले, तर नसलेला चरण संहितेत कायमचा शिरतो. तसेच दोन प्रतींची तुलना करणारी 'डिफ'सारखी साधने संहितेच्या ओळी पडताळतात. ठरावीक रुंदीवर तोडलेल्या गद्यात एक शब्द वाढवून परिच्छेद पुन्हा जुळवला, की पुढील अनेक ओळी भिन्न ठरतात आणि खरा पाठभेद त्या गर्दीत हरवतो.

तात्पर्य, गद्याचा परिच्छेद एका ओळीत ठेवून दुमडण्याचे काम पडद्यावर सोपवावे आणि पद्याचा चरण मात्र स्वतः तोडावा. ओळ कोणी तोडली, याची खूण संहितेत स्पष्ट राहिली, तरच पुढील संपादकाला कवीची ओळ आणि यंत्राची ओळ वेगळी ओळखता येईल.