जुन्या लॅपटॉपचे नेटवर्क कार्ड आणि लिनक्स

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगास येलदरीचा मोठा जलाशय असून तेथील पाणी वीजगृहातून खाली येते, सिद्धेश्वर येथे अडविले जाते व तेथून कालव्यात सोडले जाते. जलाशय काठोकाठ भरलेला असला तरी कालव्याच्या मुखाशी असलेले दार उघडल्यावाचून शेतास पाणी मिळत नाही, हे या परिसरात शाळकरी मुलासही सांगावे लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविल्यानंतर इंटरनेट लागत नाही, ही तक्रारही पुष्कळदा अशाच स्वरूपाची असते. कार्ड शाबूत असते, परंतु त्याचे दार उघडलेले नसते.

हा प्रश्न आता उपस्थित होण्यास कारण आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही, असे यंत्र टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्स बसविणे हा विनाशुल्क मार्ग उपलब्ध आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली जुन्या यंत्रांवरही चांगली चालते. तथापि इंटरनेट लागले नाही की यंत्र निकामी समजले जाते आणि जडसंग्रह नोंदवहीत तसा शेरा पडतो. शाळेत दुसरा लॅपटॉप नसेल तर त्या शेऱ्याची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागते.

कार्डाचे काम तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे प्रत्यक्ष कार्ड. दुसरी म्हणजे त्याच्याशी बोलणारी आज्ञावली, अर्थात ड्रायव्हर. तो बहुधा लिनक्सच्या गाभ्यातच असतो. तिसरी म्हणजे फर्मवेअर, म्हणजे कार्डातील चिपने स्वतः चालविण्याचा आज्ञासंच. यंत्र सुरू होताच ड्रायव्हर तो कार्डात भरतो. तारेने जोडावयाच्या बहुतेक जुन्या कार्डांना फर्मवेअर लागत नाही, म्हणून ती सहसा त्रास देत नाहीत. अडचण येते ती बिनतारी कार्डांची.

या अडचणीस तंत्राइतकाच परवान्याचाही इतिहास आहे. ब्रॉडकॉम कंपनीच्या अनेक कार्डांसाठी लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी कार्डाच्या वर्तनाचा अभ्यास करून स्वतः ड्रायव्हर लिहिला व तो २००६ साली गाभ्यात समाविष्ट झाला. परंतु फर्मवेअर कंपनीचे असल्याने ते लिनक्सबरोबर वाटता येईना. परिणामी ते इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागते. इंटरनेट लागण्यासाठी आधी इंटरनेट हवे, असा हा विचित्र पेच आहे. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स संचाने तर तत्त्व म्हणून मुक्त नसलेले फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीतून वगळले होते. २०२२ साली सभासदांचे मत घेऊन हे धोरण बदलण्यात आले आणि १० जून २०२३ रोजी निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून वाटपास परवानगी असलेले फर्मवेअर प्रतीतच मिळू लागले. यास्तव जुन्या सीडीवरून लिनक्स बसविण्याचा मोह टाळावा. मात्र ३२ बिटांच्या फार जुन्या यंत्रासाठी तेराव्या आवृत्तीची प्रत निघत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रातील शाळांना हा विषय अगदी नवा नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट येथील शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेतील हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले, तेही लिनक्सवर चालणारे होते. शेजारच्या लॅपटॉपमार्फत संदेश पुढे पोचविण्याची सोय त्यांत होती. मुक्ततेचा पुरस्कार करणाऱ्या त्या योजनेलाही मार्व्हेल कंपनीच्या बिनतारी चिपसाठी बंद फर्मवेअरच वापरावे लागले.

तपासणीचा क्रम सोपा आहे. लिनक्स कायमचे बसविण्यापूर्वी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे, म्हणजे मूळ माहितीस धक्का न लावता कार्ड चालते की नाही हे कळते. प्रथम लॅपटॉपच्या कडेला बिनतारी कार्डाचे बटण आहे काय ते पाहावे. जुन्या यंत्रांत ते असते आणि नकळत बंद झालेले असते. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली असता अडथळा बटणाचा आहे की प्रणालीचा, हे स्वतंत्रपणे दिसते. त्यानंतर ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेस ‘उणे एनएन’ जोडावे. (आज्ञा रोमन लघु अक्षरांत लिहावयाच्या असतात.) कार्डाच्या नावापुढे कंसात दोन क्रमांक येतात. त्यांतील पहिला कंपनीचा, दुसरा नमुन्याचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. याच नावाच्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण त्या कंपनीने अशी जपली आहे. लॅपटॉपवरील चिकटपट्टीपेक्षा हे क्रमांक अधिक विश्वसनीय समजावेत, कारण एकाच नमुन्याच्या लॅपटॉपमध्ये निरनिराळी कार्डे बसविलेली आढळतात. शेवटी ‘डीमेसेज’ म्हणजे गाभ्याची रोजनिशी वाचावी. तिच्यासाठी आज्ञा ‘डीएमईएसजी’ अशी पाच अक्षरांत लिहितात. फर्मवेअर सापडले नसेल तर हव्या असलेल्या फाइलचे नावच तेथे नोंदलेले असते.

ती फाइल आणण्यासाठी तालुक्याला जाण्याची गरज नाही. मोबाइल फोन तारेने लॅपटॉपला जोडून त्यातील ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केले की लिनक्स त्यास बहुधा तारेच्या नेटवर्कप्रमाणे ओळखते. भारतनेटची जोडणी चालू असलेल्या ग्रामपंचायतीत साध्या लॅन तारेनेही काम भागते. फर्मवेअर संचाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून उतरविलेली फाइल कार्यालयीन यंत्रात भरणे धोक्याचे आहे.

एवढे करूनही राउटरचे नाव दिसत नसेल तर दोष लॅपटॉपचा नसण्याचाही संभव आहे. जुनी कार्डे बहुधा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात व ‘डब्ल्यूपीए-३’ ही नवी सुरक्षापद्धती अनेकांना कळत नाही. राउटरवर हा पट्टा व ‘डब्ल्यूपीए-२’ सुरू करावे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरावे लागणाऱ्या यंत्रावर मात्र ते टोकन लिनक्सवर चालते याची खात्री झाल्याशिवाय विंडोज काढू नये. जुळणी झाल्यावर कार्डाचे दोन्ही क्रमांक व फर्मवेअरचे नाव जडसंग्रह नोंदवहीत त्या यंत्रापुढे लिहावे आणि फाइलची प्रत पेनड्राइव्हवर कार्यालयाच्या कपाटात ठेवावी.