पाताळगंगा आणि निसर्गनिर्मित लिंगे

मुरुडच्या किनाऱ्यावरील काळा पाषाण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट होय. तो पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणूनच जवळची कुडे येथील बौद्ध लेणी मानवाला छिन्नीने कोरावी लागली. चुनखडीच्या प्रदेशात मात्र हेच काम पाणी करते. आंध्र प्रदेशातील बेलम येथील गुहा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तिची ज्ञात लांबी ३,२२९ मीटर असून, प्रवेशद्वाराच्या पातळीपासून सुमारे ४६ मीटर खाली ‘पाताळगंगा’ हा प्रवाह वाहतो व पुढे भूगर्भात लुप्त होतो.

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळविते. गुहेच्या छतातून ठिबकताना तो वायू निघून जातो, चुना साचतो आणि हजारो वर्षांत लिंगाकार स्तंभ साकारतात. बेलमच्या ‘कोटिलिंगालु’ दालनात असे असंख्य आकार दिसतात.

त्यांना स्पर्श करण्याची, गंध लावण्याची इच्छा भाविकांना होणे स्वाभाविक आहे. परंतु हाताच्या तेलकटपणामुळे चुन्याचा नवा थर नीट बसत नाही व वाढ खुंटते. तेथे निसर्गाचा थेंबाथेंबाने अभिषेक चालूच असतो. भाविकांनी केवळ नेत्रांनी दर्शन घ्यावे.