कडकनाथ कोंबडीची पैदास : खर्च, अडचणी आणि हिशेब

ज्या जनावरास वा पक्ष्यास बाजारात एकाएकी नाव मिळते, त्याच्या पैदाशीकडे शेतकऱ्याचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु पक्ष्याचे नाव मोठे असणे ही एक गोष्ट, व त्याची पैदास फायद्याची ठरणे ही दुसरी गोष्ट होय. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना याचा अनुभव कडकनाथ कोंबडीच्या निमित्ताने २०१९ साली आला. तो कशामुळे आला व या कोंबडीच्या पैदाशीचा खरा हिशेब कसा मांडावा, याचा विचार या लेखात केला आहे.

जातीची ओळख

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या भागांतील मूळची जात. तेथील भिल्ल व भिलाला समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या परसात सांभाळली. तिची कातडी, तुरा, जीभ, मांस व हाडांवरील आवरणही काळसर असते. म्हणून तिला तिकडे ‘कालीमासी’ असेही म्हणतात. झाबुआच्या कडकनाथ मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मांसात प्रथिने अधिक व चरबी कमी असल्यामुळे त्यास मागणी आहे. मात्र तिचे अंडे काळे नसते. ते फिकट बदामी रंगाचे असते. काळे अंडे दाखवून कोणी विक्री करू लागल्यास ती फसवणूक समजावी. तसेच कडकनाथाचा गावठी कोंबडीशी संकर झाला की पिलांत काळेपणा कमीअधिक उतरतो. म्हणून केवळ रंगावरून जातीची शुद्धता ठरवू नये. पिले कोठून आली याची माहिती घ्यावी.

पैदाशीतील अडचणी

इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या जातीची जी आकडेवारी दिली आहे, ती प्रत्येक इच्छुकाने प्रथम पाहावी. वीस आठवड्यांच्या पक्ष्याचे वजन सुमारे ९२० ग्रॅम भरते. तलंग सुमारे १८० दिवसांची झाल्यावर अंड्यावर येते. वर्षास सुमारे १०५ अंडी मिळतात. अंड्यांत फलित अंड्यांचे प्रमाण ५५ टक्के व फलित अंड्यांपैकी पिले निघण्याचे प्रमाण ५२ टक्के आढळले आहे. म्हणजे उबविण्यास ठेवलेल्या १०० अंड्यांतून २८ ते २९ पिले हाती येतात. एका पिलामागे साडेतीन अंडी खर्ची पडतात.

शिवाय ही कोंबडी क्वचितच नीट खुडूक होते. म्हणून तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली अथवा यंत्रात उबवावी लागतात. यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता एकसारखी राखावी लागते, अंडी दिवसातून अनेक वेळा फिरवावी लागतात व आर्द्रता सांभाळावी लागते. एकविसाव्या दिवशी पिले निघतात. ज्या गावी वीज तासन्‌तास जाते, तेथे जनित्राची सोय नसेल तर यंत्र घेऊ नये.

पिलांना पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली सुमारे ३५ अंश उष्णता द्यावी व पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी कमी करावी. पिले दिव्याखाली गर्दी करून बसली तर ऊब कमी आहे, व कडेला पळून धापा टाकू लागली तर ती अधिक आहे, असे समजावे. कडकनाथ काटक आहे, तिला रोग होत नाही, असा समज पसरला आहे. तो धोक्याचा आहे. मानमोडी, गंबोरो व देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचून घ्याव्या. तुसाची गादी ओली राहिल्यास रक्ती हगवण लागते. जागा अपुरी पडल्यास पक्षी एकमेकांना टोचून जखमी करतात. नर त्याच कळपातील ठेवून पिढ्या काढल्यास अंडी व पिले दोन्ही घटतात. म्हणून नर बाहेरून आणून बदलावे.

खर्चाचा हिशेब

मोठी कोंबडी दिवसास सुमारे १०० ग्रॅम खाद्य खाते असे धरू. वर्षास ३६ किलो ५०० ग्रॅम खाद्य होते. त्यास १०५ अंड्यांनी भागले असता एका अंड्यामागे सुमारे ३५० ग्रॅम खाद्य पडते. अंड्यासाठी पाळलेली संकरित कोंबडी वर्षास ३०० हून अधिक अंडी देते. तिच्या एका अंड्यास सुमारे १३० ग्रॅम खाद्य पुरते. खाद्याचा दर किलोस ३५ रुपये मानला, तर कडकनाथाच्या अंड्यास केवळ खाद्याचे १२ रुपये लागतात व संकरित कोंबडीच्या अंड्यास साडेचार रुपये. एका पिलामागे साडेतीन अंडी, म्हणजे पिलू निघण्यापूर्वीच ४२ रुपये खर्ची पडले. यात नरांचे खाद्य, तलंग अंड्यावर येईपर्यंतच्या सहा महिन्यांचे खाद्य, लस, वीज, मजुरी व मरतूक धरलेली नाही. आपल्या गावचा दर घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करावा.

यावरून असे दिसते की, कडकनाथाचे अंडे व मांस महाग विकले गेले तरच हा धंदा परवडतो. आणि ते महाग घेणारे खाणारे गिऱ्हाईक मिळाले पाहिजे.

२०१९ सालचा धडा

वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथील एका कंपनीने शेतकऱ्यांकडून रकमा घेऊन कडकनाथाची पिले दिली व अंडी आणि पक्षी ठरलेल्या चढ्या दराने परत घेण्याचा करार केला. सांगलीबरोबर सातारा, कोल्हापूर व इतर जिल्ह्यांतील अनेकांनी त्यात पैसे गुंतविले. काहींनी कर्जही काढले. २०१९ साली खाद्य येणे थांबले, अंडी उचलणे थांबले व पैसेही थांबले. शेडमध्ये पक्षी उपाशी राहू लागले. पुढे पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. तत्पूर्वी २०१२ साली तामिळनाडूत पेरुंदुराई येथे ईमू पक्ष्यांच्या योजनेत असेच घडले होते.

या योजना का कोसळतात, हे साध्या गणिताने कळते. १०० कोंबड्यांचा एक गट धरा. वर्षास १०,५०० अंडी व त्यांतून सुमारे ३,००० पिले. त्यांत निम्म्या माद्या, म्हणजे १,५००. मरतूक वजा जाता १,२०० उरल्या असे माना. ही पिले खाण्यासाठी न विकता पुन्हा पाळणाऱ्यांनाच विकावयाची असतील, तर एका गटामागे १२ नवे पाळणारे हवेत. पुढच्या पिढीस १४४ व त्यापुढील पिढीस १,७२८. इतके नवे शेतकरी कोठून आणावयाचे? जेथे विकत घेणारा प्रत्येक जण पुन्हा विकण्यासाठीच घेतो, तेथे जुन्या सभासदाचे देणे नव्या सभासदाच्या पैशातून भागविले जाते. नवा सभासद मिळेनासा झाला की सर्व थांबते. यात पक्ष्याचा दोष नाही. दोष व्यवहाराच्या रचनेचा आहे.

उसाचा शेतकरी कारखान्यास ऊस घालतो, तेव्हा कारखान्याची साखर खाणारा मनुष्य असतो. कडकनाथाच्या करारात हाच प्रश्न प्रथम विचारावा : शेवटी हे खाणार कोण?

ग्रामसेवकांनी सांगावयाच्या गोष्टी

१. प्रारंभ २० ते २५ पक्ष्यांनी, परसात करावा. माण, खटाव, जत, आटपाडी यांसारख्या कोरडवाहू तालुक्यांत उन्हाळ्यात सावली व थंड पाण्याची सोय आधी करावी.

२. पिले खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने या जातीच्या संवर्धनाचे काम केले आहे. आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र व पशुवैद्यकीय दवाखाना यांचा सल्ला घ्यावा.

३. पहिल्या पक्ष्याची विक्री होण्यापूर्वी खाणारी दहा गिऱ्हाइके, खानावळी वा दुकाने स्वतः भेटून पाहावी व दर लिहून आणावा.

४. ठेव मागून परतीची हमी देणाऱ्या योजनेपासून दूर राहावे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ सालचा आहे, व ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा अधिनियम १९९९ सालचा आहे. पावती व करारपत्र जपून ठेवावे. शंका येताच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

५. जमीन वा दागिने गहाण ठेवून पक्षी घेऊ नयेत.

कडकनाथ ही आपल्या देशाची मोलाची जात आहे. ती जपली जावी व तिच्यापासून शेतकऱ्यास चार पैसेही मिळावे. त्यासाठी शेडच्या आधी वही उघडावी, आणि वहीत हिशेब जुळला तरच पिले आणावी.