रक्ती मूळव्याध : बँड, सुई की किरण?

गेल्या पावसाळ्यात हळर्णचे एक साठीचे गृहस्थ माझ्याकडे आले. शौचाच्या वेळी रक्त जाई, परंतु वेदना नसल्यामुळे त्यांनी दोन वर्षे दुखणे अंगावर काढले होते. हिमोग्लोबिन सहावर उतरले होते. हृदयात स्टेंट असल्याने रक्त पातळ करणारी गोळीही चालू होती.

सुश्रुताने अर्शावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. आजच्या बिनटाक्याच्या उपचारांपैकी सुई ही क्षाराची, तर इन्फ्रारेड किरण हे अग्नीचे दूरचे नातलग म्हणता येतील. पहिल्या व दुसऱ्या श्रेणीचा आणि निवडक रुग्णांत तिसऱ्या श्रेणीचा कोंब भूल न देता बाह्यरुग्ण विभागातच आटोक्यात आणता येतो.

माझा कल रबर बँडाकडे आहे. १९६३ साली बॅरन यांनी हे तंत्र रूढ केले. दंतुर रेषेच्या वर, जेथे वेदनेची जाणीव नसते, तेथे बँड बसवावा. आठवड्याभरात कोंब सुकून गळतो. किरणांनी वेदना कमी होते, पण रक्तस्राव पुन्हा उद्भवण्याचा संभव अधिक. डॉपलरच्या साहाय्याने रोहिणी बांधण्याची पद्धत १९९५ मध्ये मोरिनागा यांनी मांडली. २०१६ च्या ब्रिटनमधील ‘हबल’ चाचणीत वर्षभरात बँडानंतर ४९ टक्के, तर या पद्धतीनंतर ३० टक्के रुग्णांत त्रास परतला. आकडा बोलका वाटतो. तथापि ही तुलना मुख्यतः एकदाच लावलेल्या बँडाशी होती. गरजेप्रमाणे बँड पुन्हा लावल्यास हे अंतर बरेच मिटते, आणि भूल व खर्च दोन्ही टळतात.

या गृहस्थांना मात्र मी बँड लावला नाही. बँड गळताना, साधारण आठवड्याने, मोठा रक्तस्राव होऊ शकतो. गोळीमुळे तो धोका वाढतो आणि स्टेंटमुळे ती परस्पर थांबवता येत नाही. वयाचा विचार करून आधी कोलोनोस्कोपी केली, कर्करोग नसल्याची खात्री केली, आणि मग बदामाच्या तेलातील फिनॉलची सुई निवडली. पुरुषांत पुढच्या बाजूस सुई खोल गेल्यास प्रोस्टेटला इजा होते, हे नवशिक्या सहकाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. लोहाच्या गोळ्या, नाचणी, पालेभाज्या व भरपूर पाणी हे ओघानेच आले.

बँड किंवा सुईनंतर ताप, लघवी अडणे व वाढती वेदना ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर ओटीपोटातील जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. अशा रुग्णाला पेडण्यात सकाळपर्यंत थांबवू नये. त्याच रात्री बांबोळीच्या गोमेकॉत हलवावे.