वळणदार लाकडी छपरामागचं करिअर

"मुलगी दिवसभर लॅपटॉपवर छपरं वाकवत बसते, यातून पुढे काय?" आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचे पालक हल्ली हा प्रश्न वरचेवर विचारतात. रास्तच आहे तो. पाच वर्षांची फी भरायची, दणकट लॅपटॉप घ्यायचा, आणि स्क्रीनवर दिसतं काय, तर गरगर फिरणारं एक लाकडी छप्पर. ते छप्पर खरोखर उभं राहतं का, आणि ते उभं करणाऱ्याला काय काय यावं लागतं, हे एका उदाहरणावरून पाहू.

जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरलं होतं. तिथे स्टुटगार्ट विद्यापीठातल्या आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या संस्थांनी एक लाकडी मंडप उभारला. छताचा पल्ला ३० मीटर, मध्ये खांब एकही नाही. हे छत ३७६ पोकळ लाकडी पेट्यांचं आहे आणि प्रत्येक पेटी तिच्या जागेपुरती वेगळी बेतलेली. कल्पना घेतली सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या कवचावरून. त्याचं कवच छोट्या छोट्या तुकड्यांचं असतं, तुकड्यांच्या कडा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि एका बिंदूपाशी साधारणपणे तीनच तुकडे येऊन भेटतात. या 'तीनच'मध्ये सगळी गोम आहे. अशी रचना असली की सांधे फार ताठ नसले तरी कवच आपला आकार धरून राहतं. म्हणून निसर्गातून प्रेरणा घेणं म्हणजे पानाफुलांचा आकार छतावर चढवणं नव्हे. भार कोणत्या वाटेने जमिनीत जातो, ते निसर्गाकडून शिकायचं असतं. पोर्टफोलिओ तपासणाऱ्याला हा फरक पहिल्या पानावरच कळतो.

हे छत दर चौरस मीटरला फक्त ३८ किलो भरलं. पेट्यांचे भाग यंत्रमानवांनी ०.३ मिलिमीटरच्या अचूकतेने कापले, आणि जागेवर दोन कारागिरांनी १० कामाच्या दिवसांत सगळं जुळवलं.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. पहिलं काम आकार शोधण्याचं. हाइलब्रॉन ज्या नेकार नदीच्या काठी आहे, तिच्याच काठी, खाली मानहाइमला, १९७५ च्या अशाच उद्यान प्रदर्शनासाठी फ्राय ओटो यांनी लाकडी पट्ट्यांच्या जाळीचं प्रचंड छत घडवलं. त्यांनी आधी बारीक साखळ्यांची जाळी उलटी टांगली. टांगलेल्या साखळीत फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला की फक्त दाब उरतो, आणि पातळ लाकूड तो पेलू शकतं. पट्ट्या होत्या जेमतेम ५० बाय ५० मिलिमीटरच्या. छताची ताकद तपासायला पाण्याने भरलेले कचऱ्याचे डबे त्याला लटकवले होते! तात्पुरता म्हणून बांधलेला हा हॉल आजही उभा आहे. साखळ्यांचं ते काम आज रायनो या सॉफ्टवेअरमध्ये ग्रासहॉपर आणि कांगारू ही जोडसाधनं वापरून विद्यार्थी टेबलाशी बसून करतात.

दुसरं काम त्या वक्र पृष्ठभागाचे कापता येतील असे तुकडे पाडण्याचं, आणि विद्यार्थी अडकतात ते इथेच. दोन्ही दिशांना वळलेल्या पृष्ठभागावर चौकोन आखले, तर त्यांचे चारही कोपरे सहसा एका पातळीत येत नाहीत. सपाट प्लायवूड तिथे बसणार कसं? त्रिकोण नेहमी सपाट असतो, पण मग सांधे वाढतात आणि एकेका बिंदूत सहा-सहा तुकडे येतात. स्क्रीनवरच्या पृष्ठभागाला जाडी नसते, प्लायला असते. ती जाडी दिली की शेजारच्या कडा एकमेकींत घुसतात आणि प्रत्येक कडेचा कोन वेगळा काढावा लागतो. कापणाऱ्या यंत्राचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा टोकदार निघतच नाही. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. हे सगळं मॉडेलमध्ये आधीच धरावं लागतं.

शेवटी हा आकार आर्किकॅड किंवा रेव्हिट या इमारतींच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो. तिथे भिंती, वायरिंग, पावसाचं पाणी, मोजमापं आणि नकाशे यांच्याशी त्याची सांगड घातली जाते. आर्किकॅडच्या शेल टूलने वक्र छप्पर अर्ध्या तासात काढता येतं. त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देणार नाही. पैसे मिळतात ते वरच्या परिच्छेदातल्या कटकटी सोडवणाऱ्याला.

त्यामुळे पालकांनो, 'सॉफ्टवेअरचा डिप्लोमा करून घेऊ, पाच वर्षं वाचतील' या हिशेबात अडकू नका. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि त्या नोंदणीचा नेहमीचा रस्ता मान्यताप्राप्त बी.आर्क.चाच. प्रवेशासाठी बारावीला गणित हवं आणि नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. चित्रकला फार सुंदर नसली तरी चालतं, मात्र भूमितीचा कंटाळा असेल तर या शाखेत हाल होतात. छत दिसतं कसं यापेक्षा ते पडत कसं नाही याचंच ज्याला कुतूहल आहे, त्याने सिव्हिल करून पुढे स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगकडे जावं. हाइलब्रॉनच्या मंडपामागच्या दोन संस्थांपैकी एक त्याच विषयाची आहे.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला फार खर्च करू नका. आर्किकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, रायनो ९० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर तर कायमचंच फुकट.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलतो. भारतात अशी लाकडी छपरं अजून फार थोडी बांधली जातात. सुरुवातीचा पगार आयटीत गेलेल्या मित्रापेक्षा कमी असण्याची तयारी ठेवा. पण पोलाद आणि काचेची वक्र छपरं, विमानतळ, इमारतींचे दर्शनी भाग यांना हेच कौशल्य लागतं, आणि पुणे, मुंबई, बेंगळुरूतली अनेक ऑफिसं परदेशी प्रकल्पांची मॉडेलं बनवतात. लाकडातच रमायचं असेल तर बेंगळुरूची काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था माहीत असू द्या. पुढे शिकायचं तर स्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक हा दोन वर्षांचा मास्टर्स इंग्रजीतून आहे. स्टुटगार्ट ज्या जर्मन राज्यात आहे, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १५०० युरो फी पडते. राहण्या-जेवणाचा खर्च अर्थात वेगळा, आणि तोच मोठा.

कॉलेज निवडताना कॉम्प्युटर लॅब शेवटी बघा. आधी वर्कशॉप उघडायला सांगा. तिथे अर्धवट मॉडेलं, क्लॅम्प आणि जमिनीवर ताजा भुसा असेल तर फॉर्म भरा. कुलूपच सापडत नसेल तर यादीतल्या पुढच्या कॉलेजकडे वळा.