शंका-समाधान : देवाची वाट आणि घरातली माणसं

‘माझा मुलगा पोलीस भरतीत तिसऱ्यांदा राहिला. मैदानी चाचणी निघते, लेखीत अडकतो. मी दर शुक्रवारी उपास धरून प्रार्थना करते. तो मात्र आता चर्चला यायला तयार नाही. “तुझा देव ऐकत नाही,” म्हणतो आणि त्यावरून घरात रोज भांडण. देव इतका उशीर का लावतो?’
– एक आई, चिमूर तालुका

ताई, उशीर का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या उपदेशकाच्या खिशात ते तयार असतं, त्याच्यापासून जरा जपून राहा. वाट कशी पाहायची हे मात्र पवित्र शास्त्र सांगतं. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. सातव्या वचनात तो शेतकऱ्याकडे बोट दाखवतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरणाऱ्या. धानपट्ट्यातल्या बाईला हे काय समजावायचं? पऱ्हे टाकले, रोवणा झाला, म्हणून कुणी घरी बसत नाही. बांधीत पाणी राखावं लागतं, निंदण असतं, रोगावर नजर ठेवावी लागते. पीक देवाच्या हातात, पण बांध आपल्या.

तुमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या आणि पुढं वर्षानुवर्षं पेरत, निवडत राहिले. त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. नावसुद्धा घड्याळावरून पडलेलं! ते ख्रिस्ती नव्हते, पण याकोबाला अभिप्रेत असलेला शेतकरी पाहायचा तर आपल्या भागात याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता दोन वचनं पुढं जा. धीर धरा, असं सांगून झाल्याबरोबर नवव्या वचनात याकोब म्हणतो की एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका. या दोन गोष्टी त्यानं शेजारी-शेजारी ठेवल्या त्या उगाच नाहीत. वाट पाहून थकलेला माणूस देवावर चिडू शकत नाही, मग त्याचा राग जवळच्या माणसावर निघतो. म्हणून उपास जरूर धरा, पण ‘मी तुझ्यासाठी उपाशी राहते’ हे त्याला ऐकवू नका. ऐकवलेला उपास म्हणजे टोमणा. त्याच्याशी गणित-बुद्धिमत्तेच्या शिकवणीचं बोला, भरती नाहीच झाली तर दुसरं काय, तेही बोला. चर्चचा विषय काही महिने काढूच नका.

‘दोन वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला. पत्नी प्रेमळ आहे, पण तिचं देवघर आहे, उपासतापास आहेत. मंडळीतले काही भाऊ म्हणतात, घरात दोन दिवे चालत नाहीत, देवघर काढून टाक. मी किती दिवस थांबू?’
– एक वाचक, भद्रावती

भाऊ, देवघर तिचं आहे. त्याला हात लावू नका.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलानं हाच प्रश्न घेतला आहे. पत्नीचा विश्वास वेगळा असेल आणि ती नांदायला राजी असेल, तर पतीनं तिला सोडू नये, असं तो स्पष्ट सांगतो. किती दिवस, याची मुदत त्यानं घातलेली नाही. तुमच्या भावांना ती कुठून मिळाली, विचारून पाहा.

मराठी मंडळीत या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण टिळक पती-पत्नीचं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग ती टिळकांकडे आली, तरी सोवळं घेऊनच आली. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. घर एक आणि चुली दोन, असा संसार त्या काळच्या समाजाच्या डोळ्यांदेखत झाला. सोवळं सुटलं ते तिचं तिनं विचार करून सोडलं तेव्हा. १९०० साली तिनं बाप्तिस्मा घेतला.

यावरून टिळक शांत, सोशीक गृहस्थ होते असं समजू नका. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही त्यांचा तापट स्वभाव आणि लहर माहीत आहे; लक्ष्मीबाईंनी ती हसत-हसत लिहून ठेवली आहे. मला तर याचाच आधार वाटतो. धीर ही काही थंड रक्ताच्या माणसांची मिरास नव्हे. आणि घाईनं मिळवलेली पत्नी काय करते ते माहीत नाही, पण वाट पाहून मिळालेल्या पत्नीनं काय केलं ते माहीत आहे. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

एक अट मात्र ऐका. तिनं बाप्तिस्मा घ्यावा म्हणून तिच्याशी गोड वागत असाल, तर ते तिला कळतं. बायकांना कळतंच. ती कधीच आली नाही तरी तुम्ही असेच वागाल का, हे आधी स्वतःशी ठरवा.

‘गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. मैत्रिणी बोलावतात. बसले तर पाप लागेल का?’
– एक विद्यार्थिनी, चिमूर

तुकडोजी महाराजांच्या सहवासात वाढलेल्या चिमुरात हा प्रश्न येणारच. चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल मिशन एकोणिसाव्या शतकातच आलं, कॅथलिकांचं चांदा क्षेत्र १९६२ मध्ये स्थापन झालं. तरी या जंगलपट्ट्यात आपली घरं आजही मोजकीच. शेजार सोडून इथं ख्रिस्ती होताच येत नाही. मैत्रिणींजवळ शांत बसण्यात मला दोष दिसत नाही. जे शब्द तुझ्या मनाला पटत नाहीत ते म्हणू नकोस, आणि का म्हणत नाहीस हे कुणी विचारलं तर सरळ सांग. मात्र बसून तुझं मन खात असेल, तर जाऊ नकोस. मनाविरुद्ध वागू नये, हेही पौलानंच सांगितलं आहे. ग्रामसफाईला तरी नक्की जा, झाडू कुठल्याच धर्माचा नसतो.

‘मुलाला सिकलसेल आहे. चंगाई सभेत सांगितलं की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, बंद कर. काय करू?’
– एक वडील, गडचिरोली जिल्हा

बंद करू नका. याकोबाच्या त्याच पाचव्या अध्यायात आजाऱ्यासाठी वडील मंडळींना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा, असं आहे; औषध टाका, असं नाही. दयाळू शोमरोन्यानंही जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओतला. लूक वैद्य होता. पौलानं तीमथ्याच्या पोटदुखीवर नुसती प्रार्थना पाठवली नाही, थोडा द्राक्षारस घे, असं सांगितलं.

सिकलसेल जन्मभराचा आजार आहे, म्हणजे धीरही जन्मभराचा. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिली असेल तर ती दुखण्याचे झटके कमी करते, पण त्यांच्या सल्ल्यानं आणि ठरल्या वेळी रक्त तपासूनच ती चालू ठेवायची असते. मुलाला पाणी भरपूर पाजा, थंडीत उघडा ठेवू नका. ताप आला किंवा दम लागला, तर सभेची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. घरातल्या इतरांचंही रक्त तपासून घ्या, लग्नाच्या मुलामुलींचं तर आधी. पाळकांना प्रार्थनेला बोलवायचं असेल तर दवाखान्यातच बोलवा, ते येतील.