ज्येष्ठांचे घरी परतणे : घराची तयारी

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया व जमाखर्च यांचे तक्ते येतात. त्या तक्त्यांत डिस्चार्ज मिळालेला रुग्ण ही एक पूर्ण झालेली नोंद असते. घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध रुग्ण मात्र त्या दिवशी ज्या घरी परततात, ते बहुधा तेच घर असते जेथे ते पडले होते. तीच ओली मोरी, तोच उंबरठा, खाटेपासून संडासापर्यंतची तीच अंधारी वाट. शस्त्रक्रिया कितीही उत्तम झालेली असो, तिची खरी परीक्षा या घरात होते. म्हणून यंदाच्या अहवालातील ही पाने आम्ही घराच्या तयारीसाठी राखून ठेवली आहेत. आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे, हिशेबाच्या वहीतून या कामात आलेली माणसे आहोत. परंतु बिलाच्या खिडकीशी नातेवाइकांशी होणाऱ्या बोलण्यातून जे उमगते, त्याला डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट मंडळी नेहमी देत असलेल्या सल्ल्याची जोड देऊन हे लिहिले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख होत्या. त्यांपैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एक किंवा त्याहूनही अधिक जण वर्षभरात मृत्यू पावतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. हाड जुळते, पण अंथरुणात गेलेल्या आठवड्यांत छातीचा संसर्ग, पाठीच्या जखमा व स्नायूंची झीज हे सारे मागून येते.

आता हिशेबाकडे वळू. शस्त्रक्रिया, आत बसवावयाचे साहित्य, खाटेचे भाडे, औषधे, त्यानंतर घरी ठेवलेली मदतनीस बाई आणि मुलाची किंवा सुनेची बुडालेली रजा, ही बेरीज मध्यमवर्गीय कुटुंबाचेही कंबरडे मोडते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. शिवाय १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. ही व्यवस्था अतिशय मोलाची आहे. मात्र ती मोडलेल्या हाडासाठी आहे. हाड मोडू नये म्हणून भिंतीला बसवावयाच्या हँडलची तरतूद त्यात नाही, आणि तो खर्च तर उपचाराच्या खर्चाच्या पासंगालाही पुरणारा नसतो. देणगीदारांनी या विषमतेचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. एका शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या देणगीचे मोल आम्ही जाणतोच. त्याच रकमेत कितीतरी न्हाणीघरे दुरुस्त होऊ शकतात, एवढेच येथे नोंदवितो.

सुरुवात न्हाणीघर व संडासापासूनच करावी. पैसे थोडेच असतील तर सारे तेथेच खर्च करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हॉलमधील नव्या फर्निचरला वाट पाहता येते. गुळगुळीत चकाकणाऱ्या टाइल्स दिसावयास सुबक असतात, पण साबणाचे पाणी पडताच त्यांवर तरुण माणसाचाही पाय ठरत नाही. दिवाळीत अंगाला तेल लावून अभ्यंगस्नान होते, तेव्हा तर विशेष जपावे लागते. टाइल्स बदलणे शक्य नसेल तर मागे रबरी पकड असलेली चटई अंथरावी आणि ती रोज वाळत घालावी, कारण चटईखाली साचलेले शेवाळे हे नवेच संकट होते. स्नान उभ्याने न करता, रबरी बुडाच्या मजबूत स्टुलावर बसून करावे. जमिनीलगतचा पाट गुडघे धरलेल्या माणसाच्या कामाचा नाही. त्यावर बसता येते, उठता येत नाही.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठताना तोल जातो. त्यावर ठेवण्याची खुर्ची बाजारात मिळते, आणि चाके नसलेली कमोड खुर्ची खाटेजवळही ठेवता येते. २०२४ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील, दोन लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशा सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. समाजकल्याण कार्यालयात त्याची चौकशी अवश्य करावी. हँडलबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. टॉवेल टांगण्याचा रॉड म्हणजे हँडल नव्हे. माणूस पडताना जे हाती लागेल ते धरतो, आणि रॉड स्क्रूसकट भिंतीतून निघून येतो. हँडल मुठीत नीट मावेल एवढ्या जाडीचे असावे आणि ते केवळ टाइलमध्ये नव्हे, तर मागील विटांच्या भिंतीत खोलवर पक्के केलेले असावे. गवंडी निघून गेल्यावर घरातील सर्वांत वजनदार माणसाने त्याला लोंबकळून पाहावे! त्याची जागाही मोजपट्टीने ठरवू नये. ज्यांच्यासाठी ते बसवावयाचे, त्यांना तेथे बसवून व उठवून, त्यांचा हात आपसूक जेथे जातो तेथे खूण करावी.

न्हाणीघराची कडी हा आणखी एक दुर्लक्षित विषय. आजी आत पडल्या, कडी आतून लावलेली, आणि दार आत उघडणारे. त्यांचेच शरीर दाराला अडसर होते. कुलूप बाहेरूनही उघडता येईल असे असावे आणि जमल्यास दार बाहेरच्या बाजूस उघडणारे करून घ्यावे. गॅसचा गीझर न्हाणीघरात कदापि नसावा. बंद जागेत त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अशा घटनांत माणसे शुद्ध हरपून दगावली आहेत. विजेच्या गीझरच्या जोडणीवर गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हवा.

यानंतर रात्रीची वाट. वृद्धांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. डोळ्यांत झोप, वर रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेतलेली. एकदम उठले की चक्कर येते. काठावर मिनिटभर बसावे, पाय हलवावेत आणि मग उभे राहावे. बटण खाटेवरून हाताला येईल असे हवे, वाटेत रात्रभर मंद दिवा हवा, आणि वीज गेली तर उशाशी बॅटरी हवी. जुन्या साडीच्या चिंध्यांचे पायपुसणे, झिजलेली स्लीपर, लोंबणारी वायर आणि नातवाची तीनचाकी हे सारे या वाटेवरून दूर करावे. उंबरठा पूजेचा मान ठेवूनही ठळक रंगाने रंगविता येतो. जुन्या वाड्यांच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, आणि वर-खाली दोन्हीकडून लागणारा दिवा असावा. दुहेरी काचेच्या चष्म्यातून खालची पायरी नीट दिसत नाही, हे चष्मा देणाऱ्यांनी सांगितलेले पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

हे सारे मुलांनी ठरवून बसवून टाकले तर बहुधा निरुपयोगी ठरते. परगावी किंवा परदेशी असलेला मुलगा वस्तू पाठवितो आणि ती माळ्यावर जाते, कारण "मी काय इतका म्हातारा झालो?" हा प्रश्न मधे उभा राहतो. तो प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने वावरलेल्या माणसाला न विचारता त्याची खाट हलविणे हा अपमानच होय. ज्येष्ठ मंडळी पडल्याचे लपवितात तेही याच भयाने, की उद्यापासून जिना बंद, देवळात जाणे बंद. आणि खरोखर तसेच घडते. पडण्याच्या धास्तीने चालणे थांबते, चालणे थांबले की पायांतील बळ जाते, आणि बळ गेले की पुढचे पडणे जवळ येते. "बाबा, तुम्ही नुसते बसून राहा" ही काळजी मायेपोटी असली तरी तिचा परिणाम उलटा होतो. घरातील बदल हे बाबांनी अधिक हिंडावे-फिरावे यासाठी आहेत, हे त्यांना पटले तर हँडलही धरले जाते.

एवढे करूनही कोणी पडलेच तर घाईने बखोटीला धरून उभे करू नये. पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूस वळलेला असेल किंवा खुब्यात तीव्र वेदना असेल, तर हाड मोडल्याची शक्यता धरून आहे तसेच झोपवून ठेवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मालीश करू नये, हाड बसविणाऱ्याकडे नेऊन दिवस घालवू नये. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी असा अस्थिरोगतज्ज्ञांचा आग्रह असतो.

ज्या कुटुंबातील ज्येष्ठ सध्या आमच्याकडे दाखल आहेत, त्यांनी डिस्चार्जच्या दिवसाची वाट पाहू नये. घरी जाऊन खाटेची उंची, संडासाच्या दाराची रुंदी आणि वाटेतील पायऱ्यांची संख्या एका कागदावर लिहून आणावी. वॉकर त्या दारातून जातो की नाही, हे फिजिओथेरपिस्टना त्यावरूनच सांगता येते. आणि जात नसेल तर सुताराला बोलावण्यास रुग्ण वॉर्डात असेपर्यंतच सवड असते.